माराकेशचा निधी: पंचवीस वर्षांची वाटचाल

मोरोक्कोतल्या माराकेश शहरात नोव्हेंबर २००१ मध्ये सातवी हवामान परिषद संपली, तेव्हा साऱ्यांचे लक्ष क्योटो कराराच्या नियमांकडे होते. कोणी किती उत्सर्जन घटवायचे, त्याचा हिशेब कसा ठेवायचा, जंगलांबद्दल किती सवलत द्यायची, यावर रात्री जागवल्या गेल्या होत्या. त्याच ठरावांच्या गठ्ठ्यात आणखी एक विषय होता. जगातल्या सर्वांत गरीब देशांसाठी एक स्वतंत्र निधी काढावा, त्यातून त्यांनी बदलत्या हवामानाला तोंड देण्याचे आपापले आराखडे करावेत आणि त्यांना सल्ला द्यायला बारा तज्ज्ञांचा एक गट नेमावा, असे त्यात ठरले. अल्पविकसित देश निधीचा जन्म असा गाजावाजा न होता झाला. यंदा त्याला पंचवीस वर्षे होत आहेत.

अल्पविकसित देश ही संयुक्त राष्ट्रांची अधिकृत यादी आहे. १९७१ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिच्यात २५ देश होते. दरडोई उत्पन्न, आरोग्य व शिक्षण आणि आर्थिक धक्के सोसण्याची ताकद अशा तीन कसोट्या लावून दर तीन वर्षांनी तिचा आढावा घेतला जातो. आज तिच्यात ४४ देश आहेत. बहुतेक आफ्रिकेतले आहेत. आपल्या शेजारचे बांगलादेश, नेपाळ, म्यानमार आणि अफगाणिस्तानही त्यात येतात. १९९२ च्या हवामान कराराच्या चौथ्या कलमात या देशांसाठी एक खास वाक्य घातले गेले: निधी आणि तंत्रज्ञान देताना त्यांच्या विशेष गरजांचा पूर्ण विचार व्हावा. त्या एका वाक्याला प्रत्यक्ष पैशांची जोड मिळायला नऊ वर्षे लागली. या देशांनी याच सुमारास आपला वेगळा गट बांधला, हे त्यामागचे मोठे कारण. 'जी-७७ आणि चीन' या विकसनशील देशांच्या छत्रीखाली भारत, चीन, ब्राझील आणि सौदी अरेबिया होते, तसेच नायजर आणि किरिबातीही होते. नायजरचे दुखणे त्या गर्दीत कोणाच्या कानावर पडणार?

निधी चालवण्याचे काम जागतिक पर्यावरण सुविधेकडे, म्हणजे जीईएफकडे गेले. पहिली पायरी होती ती राष्ट्रीय अनुकूलन कृती कार्यक्रमांची, म्हणजे बदलत्या हवामानाला तोंड देण्याच्या आराखड्यांची. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्यांना 'नापा' म्हणू लागले. कल्पना साधी आणि माझ्या मते फार शहाणपणाची होती. नवे संशोधन, संगणकी प्रारूपे यांत वर्षे घालवू नका. लोकांना आज काय जाणवते आहे ते विचारा, थांबून चालणार नाही अशी कामे निवडा, त्यांचा क्रम लावा. आराखडा करायला प्रत्येक देशाला सुमारे दोन लाख डॉलर मिळत. मॉरिटानियाने २००४ मध्ये पहिला नापा दिला, बांगलादेशाचा २००५ मध्ये आला, भूतानचा २००६ मध्ये. पुढे जवळजवळ साऱ्या अल्पविकसित देशांचे आराखडे तयार झाले. कित्येक देशांत तर हवामान, शेती, पाणी आणि अर्थ ही खाती एका टेबलाशी बसण्याची ती पहिलीच वेळ होती.

आराखड्यातून काम उभे राहिले ते कसे, हे बघायला भूतानला जावे लागेल. ७ ऑक्टोबर १९९४ रोजी उत्तरेकडच्या लुनाना भागातले लुग्गे त्सो हे हिमनदीचे सरोवर फुटले. फो छू नदीतून आलेला लोंढा खाली पुनाखापर्यंत पोचला. वीसहून अधिक माणसे गेली, शेते वाहून गेली आणि सतराव्या शतकातल्या पुनाखा द्झोंग या किल्लेवजा मठालाही तडाखा बसला. लुग्गेच्या शेजारीच थोरथोर्मी हिमनदी वितळून दुसरे सरोवर तयार होत होते. ते आणि त्याच्या खालच्या अंगाचे राफस्ट्रेंग सरोवर यांच्यामध्ये दगडगोट्यांचा नैसर्गिक बांध तेवढा होता. तो खचला तर दोन सरोवरांचे पाणी एकदम सुटणार होते. भूतानने नापामध्ये हे काम अग्रक्रमाने मांडले. निधीतून सुमारे ३४ लाख डॉलर मिळाले आणि या निधीच्या अगदी पहिल्या प्रत्यक्ष कामांमध्ये त्याची नोंद झाली.

सरोवर ४,४०० मीटरांहून उंचावर आहे. तिथे रस्ता नाही. देशभरातून आलेले कामगार कित्येक दिवस चालत वर जात, वर्षातले उन्हाळ्याचे मोजके आठवडे काम करत आणि बर्फ पडायच्या आत उतरत. सुरुंग लावायची सोय नव्हती. हादऱ्याने बांधच ढासळला असता. जड यंत्रे वर न्यायची सोयही नव्हती. मग पहारी, फावडी आणि हात. गोठवणाऱ्या पाण्यात उभे राहून स्त्रीपुरुषांनी दगड हलवले आणि पाण्याला वाट खोदून दिली. २००९ ते २०१२ या चार उन्हाळ्यांत सरोवराची पातळी सुमारे पाच मीटरांनी उतरली. खालच्या खोऱ्यात पूर आला की आपोआप वाजणारे भोंगे बसवले गेले. त्याआधी लुनानात बिनतारी संच घेऊन बसलेल्या दोन माणसांवर साऱ्या खोऱ्याची भिस्त होती. नेपाळमध्ये एव्हरेस्टच्या कुशीतल्या इमजा सरोवराचे पाणी २०१६ मध्ये लष्कराच्या जवानांनी सुमारे साडेतीन मीटरांनी उतरवले, तेही याच निधीच्या पैशावर, पाच हजार मीटर उंचीवर.

बांगलादेशातले काम दुसऱ्या टोकाचे, समुद्रसपाटीवरचे. नोआखालीच्या हातिया बेटावर, भोला, बरगुना, पटुआखाली आणि चितगाव जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर खारफुटीची लागवड झाली. नुसती झाडे लावून ती टिकत नाहीत, कारण भूमिहीन कुटुंबाला सरपण हवे असते आणि जमीनही. म्हणून खारफुटीच्या मागच्या पडीक जमिनीवर आळीपाळीने चर आणि उंच वरंबे काढले गेले. चरात मासे, वरंब्यावर फळझाडे आणि भाजीपाला. ती जमीन रीतसर करार करून भूमिहीनांना कसायला दिली. जंगल राखले तर आपले वरंबे वाचतात, हे त्या कुटुंबांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. इतक्या बारकाईने केलेले काम मला कुठल्याही भव्य धरणापेक्षा मोलाचे वाटते.

एवढे असूनही हा निधी कायम हातावर पोट असल्यासारखा जगला, कारण त्यात पैसे टाकणे ऐच्छिक आहे. जीईएफच्या मुख्य निधीसाठी दर चार वर्षांनी देणगीदार देश एकत्र बसतात आणि पुढच्या चार वर्षांची रक्कम ठरवतात. अल्पविकसित देश निधीला अशी ठरलेली भरणी नाही. कोणाच्या मनात आले, कोणाच्या अर्थसंकल्पात जागा झाली, की पैसे येतात. पॅरिस परिषदेच्या आधी परिस्थिती अशी होती की तपासून योग्य ठरलेले प्रकल्प पैशांअभावी रांगेत उभे होते. ३० नोव्हेंबर २०१५ रोजी, परिषदेच्या पहिल्याच दिवशी, अकरा देशांनी २४.८ कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले आणि रांग पुढे सरकली. २०२१ मध्ये ग्लासगोला पुन्हा तसेच झाले, या वेळी बारा देणगीदारांकडून ४१.३ कोटी. या रकमांचे स्वागतच आहे. पण नायजर किंवा मलावीच्या अधिकाऱ्याने पाच वर्षांचे नियोजन करायचे ते कशाच्या भरवशावर?

पैसे पोचवण्याची रीतही लांबलचक. देशाला थेट रक्कम मिळत नाही. संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम (यूएनडीपी), जागतिक बँक यांसारख्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच अर्ज जातो. शिवाय 'अतिरिक्त खर्च' दाखवावा लागतो. म्हणजे बंधारा एरवी बांधायला किती लागले असते आणि हवामान बदलामुळे किती जास्त लागणार, हे वेगळे काढायचे. ज्या तालुक्यात मुळात बंधाराच नाही, तिथे हा हिशेब कसा मांडायचा? चर्चांमध्ये या देशांचे प्रतिनिधी वर्षानुवर्षे हे विचारत आले आहेत.

माराकेशमध्येच पायाभरणी झालेल्या अनुकूलन निधीने यातून एक वाट दाखवली. क्योटो करारानुसार विकसनशील देशांतल्या स्वच्छ प्रकल्पांना कार्बन प्रमाणपत्रे मिळत आणि त्यांतली दोन टक्के आपोआप या निधीत जात. महाराष्ट्रातल्या पवनऊर्जेच्या प्रकल्पांनीही अशी प्रमाणपत्रे घेतली, म्हणजे या पैशात आपल्याकडचाही वाटा आहे. अल्पविकसित देशांतल्या प्रकल्पांना मात्र त्या दोन टक्क्यांतून सूट होती. या निधीने मध्यस्थाशिवाय देशी संस्थेला थेट पैसे देण्याची सोय केली. तिचा पहिला लाभ २०१० मध्ये सेनेगलला झाला. डाकारमधल्या एका देशी संस्थेने रुफिस्क, साली आणि जोआल इथल्या समुद्राने खाल्लेल्या किनाऱ्यांचे काम घेतले. मुंबईत मुख्यालय असलेल्या नाबार्डलाही पुढे अशीच मान्यता मिळाली. २०१२ च्या सुमारास कार्बन प्रमाणपत्रांचे भाव कोसळले आणि हाही निधी देणग्यांवर येऊन ठेपला.

हे सगळे ज्या खोल्यांमध्ये ठरते, तिथले चित्र ठाऊक असायला हवे. दर जूनमध्ये जर्मनीतल्या बॉन शहरात आणि वर्षअखेरीस परिषदेच्या शहरात एकाच वेळी अनेक दालनांत वाटाघाटी चालतात. श्रीमंत देशांकडे प्रत्येक विषयाला माणूस, वकील आणि अर्थतज्ज्ञ असतात. लहान देशाकडे काही वेळा सारे मिळून तीनचार माणसे. म्हणून अल्पविकसित देशांचा गट विषय वाटून घेतो: अनुकूलन एका देशाच्या माणसाकडे, वित्त दुसऱ्याकडे. सकाळी समन्वय बैठक, मग दिवसभर मसुदा. ज्या शब्दांवर एकमत नाही ते चौकटी कंसात जातात आणि एकेक कंस उघडायला तास लागतात. 'द्यावे लागेल' की 'द्यावे' यावर पहाट होते. मतदान नाही, सहमती लागते. या देशांचे बळ तेवढ्यात आहे. गॅम्बियाचे पा ओस्मान जार्जू, इथिओपियाचे गेब्रू जेंबर एंडालेव, भूतानचे सोनम वांगडी, सेनेगलच्या मॅडलिन डियूफ सार, मलावीचे एव्हन्स न्जेवा या अध्यक्षांनी ते जपून वापरले. २०११ मध्ये डर्बनच्या परिषदेत छोट्या बेटांच्या देशांशी आणि युरोपीय संघाशी हातमिळवणी करून या गटाने पॅरिस कराराकडे जाणारा रस्ता मोकळा केला. पॅरिस करारात दीड अंशाची मर्यादा आली, तीही या देशांनी आणि बेटांनी धरून ठेवली म्हणून. पडद्यामागे ढाक्याचे प्रा. सलीमुल हक वर्षानुवर्षे या गटाला शिकवत, सल्ला देत राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते गेले, तेव्हा ही पोकळी साऱ्या गटाला जाणवली.

गटाने आत्मपरीक्षणही केले. पैसे राजधानीत आणि सल्लागारांच्या शुल्कात अडकतात, गावापर्यंत फार थोडे पोचतात, हे ओळखून २०१९ मध्ये या देशांनी २०५० पर्यंतचे आपले उद्दिष्ट जाहीर केले आणि २०३० पर्यंत किमान ७० टक्के हवामान निधी स्थानिक कामांवर जावा, असे ठरवले. हा निर्णय त्यांच्यावर कोणी लादलेला नव्हता.

मोठ्या रकमांच्या चर्चेत मात्र निराशा वाट्याला आली. २००९ च्या कोपनहेगन परिषदेत विकसित देशांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले. ते दोन वर्षे उशिरा, २०२२ मध्ये पुरे झाले. त्यातही उत्सर्जन घटवण्याच्या कामांना झुकते माप होते आणि बराच पैसा कर्जाच्या रूपात होता. सौर प्रकल्पाला कर्ज फेडता येते, कारण तो वीज विकतो. पूर अडवणारा बांध काय विकणार? ग्लासगोत ठरले की अनुकूलनाचा निधी २०१९ च्या सुमारे २० अब्जांवरून २०२५ पर्यंत दुप्पट करायचा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार तो २०२२ मध्ये २८ अब्ज होता आणि २०२३ मध्ये २६ अब्जांवर घसरला. त्याच अहवालाप्रमाणे विकसनशील देशांची गरज २०३५ पर्यंत वर्षाला ३१० अब्जांच्या पुढे जाईल.

२०२४ मध्ये बाकू इथल्या परिषदेत निधीच्या नव्या उद्दिष्टावर चर्चा झाली. अल्पविकसित देशांनी आपल्यासाठी वर्षाला किमान २२० अब्ज डॉलर राखून ठेवावेत अशी मागणी केली होती. मसुद्यात तसा एकही आकडा नाही हे पाहून २३ नोव्हेंबरला त्यांचे आणि बेटांचे प्रतिनिधी बैठकीतून उठून गेले. रात्री उशिरा ठराव झाला: साऱ्या विकसनशील देशांसाठी मिळून २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. भारताने भर सभागृहात नापसंती नोंदवली आणि ती रास्तच होती. हवामान निधींमधून बाहेर जाणारी रक्कम २०३० पर्यंत २०२२ च्या तिप्पट करण्याचे उद्दिष्ट, एवढीच जमेची बाजू. अल्पविकसित देश निधी त्यात येतो. पुढच्या वर्षी ब्राझीलमधल्या बेलेमला या गटाने अनुकूलनाचा एकूण निधी २०३० पर्यंत तिप्पट करण्याचा आग्रह धरला. मिळाले ते २०३५ साल, आणि तेही 'प्रयत्न करावेत' अशा शब्दांत.

दरम्यान यादीही लहान होते आहे. थोरथोर्मीचे पाणी उतरवणारा भूतान डिसेंबर २०२३ मध्ये तिच्यातून बाहेर पडला. बांगलादेश, नेपाळ आणि लाओस यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ मध्ये २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरवली. ते बाहेर पडले की त्यांचे आधी मंजूर झालेले प्रकल्प पुरे होतील, पण या निधीतून नवे मिळणार नाहीत. उत्पन्न वाढले म्हणून इमजाचा बर्फ वितळायचा थांबत नाही आणि हातियाची जमीन उंच होत नाही. त्या तारखेच्या काही दिवस आधी तुर्कस्तानात अंताल्या इथे परिषद भरते आहे. निधीला ठरावीक काळाने होणारी नियमित भरणी आणि यादीबाहेर पडणाऱ्यांसाठी काही वर्षांची सोय, या दोन गोष्टी तिथे ठरल्या पाहिजेत. शेजारी म्हणून भारताने त्यांच्या बाजूने बोलावे.