शिक्षणहक्क प्रवेश (महाराष्ट्र)

शिक्षणहक्क प्रवेश म्हणजे बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ अन्वये खासगी विनाअनुदानित शाळांतील प्रवेशवर्गाच्या किमान २५ टक्के जागांवर वंचित व दुर्बल घटकांतील बालकांना मिळणारा मोफत प्रवेश होय. अल्पसंख्याक शाळा यातून वगळल्या आहेत. शुल्काची प्रतिपूर्ती राज्य शासन करते. तिच्या थकबाकीबाबत शाळांच्या तक्रारी असतात.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना सूट दिली. आर्वीसारख्या लहान शहरांत अंतरे कमी असल्याने ही संधी आक्रसण्याची शक्यता होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ही दुरुस्ती मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवून रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये तो निर्णय कायम ठेवला.