बंडखोराचे जाकीट आणि घरचे शिवणयंत्र

काळ्या चामड्याचे, तिरप्या चेनचे, अंगाला घट्ट बसणारे मोटारसायकलस्वाराचे जाकीट आपण प्रथम पाहतो ते बहुधा पडद्यावर किंवा भित्तिचित्रावर. त्यामुळे त्याचा अर्थ आपल्याला त्याच्या आकाराआधी कळलेला असतो: घर सोडून निघालेला, कोणाचेही न ऐकणारा तरुण. मात्र हेच जाकीट घरी शिवावयास घेतले, कागदी नमुन्याचे वीस-बावीस तुकडे सतरंजीवर पसरले, की त्यांत बंडखोरी कोठेच सापडत नाही. कोपरापाशी वाकलेली दोन भागांची बाही सापडते, पाठीवरच्या चुण्या सापडतात, डाव्याहून निराळा असा उजवा पुढा सापडतो. यातील प्रत्येक रेषेला कारण आहे. त्या कारणांचा माग काढता काढता आम्ही शिवणकामाच्या इतिहासात बरेच मागे गेलो. तेथे जे आढळले ते येथे मांडत आहोत.

हा आकार प्रसिद्ध झाला तो 1928 साली. न्यूयॉर्कमध्ये 1913 पासून कपडे शिवणाऱ्या शॉट बंधूंच्या कारखान्यात अर्व्हिंग शॉट यांनी घोड्याच्या कातड्याचे एक जाकीट तयार केले आणि आपल्या आवडत्या सिगारवरून त्याला ‘परफेक्टो’ हे नाव दिले. लाँग आयलंडवरील हार्ले-डेव्हिडसनच्या एका विक्रेत्याकडे ते साडेपाच डॉलरला मिळत असे. आज आपण जिला नुसते ‘चेन’ म्हणतो ती वस्तू त्या वेळी नवलाईची होती. गिडियन सुंडबॅक यांना तिचे पेटंट 1917 साली मिळाले होते, आणि ‘झिपर’ हे नाव 1923 मध्ये गुडरिच कंपनीने रबरी बुटांसाठी प्रचारात आणले होते. बटणांच्या मधल्या फटींतून वारा आत शिरतो, चेनमधून तो फारसा शिरत नाही. ती तिरपी लावली की पुढचे दोन भाग छातीवर एकमेकांवर येतात, आणि स्वार पुढे वाकला तरी धातूची ती पट्टी पोटाच्या मधोमध रुतत नाही. पाठीवरच्या चुण्या हात हँडलपर्यंत लांबवता यावेत म्हणून, तर मनगटावरच्या चेना बाहीत वारा भरू नये म्हणून. एकावर एक येणारा पुढा आपल्यालाही अपरिचित नाही. आपल्याकडची बाराबंदी आणि अंगरखा हे छातीवर कापड दुहेरी आणून बंदांनी बांधण्याचेच प्रकार होत. तेथून येथवर काही वारसा आला असा आमचा दावा नाही. शरीराची अडचण सारखी असली म्हणजे कापडही सारख्या वाटेने जाते, इतकेच.

असे जाकीट कारखान्यात होते हे समजण्याजोगे आहे. ते घरात कसे आले, हा खरा प्रश्न. त्यासाठी शिंप्याच्या विद्येकडे वळावे लागते. फितीवर आकडे छापले जाण्यापूर्वी युरोपातले शिंपी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदाची किंवा चर्मपत्राची पट्टी ठेवत आणि तिच्यावर खाचा पाडून त्याची मापे नोंदवीत. पट्टी म्हणजेच तो माणूस. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मोजपट्टी रूढ झाली आणि तिच्या मागोमाग प्रमाणाचे गणित आले: छाती मोजा, आणि तिच्या भागाकाराने मुंढा, खांदा, पाठ ठरवा. आपल्याकडच्या शिवणक्लासात तपकिरी कागदावर ‘छाती भागिले चार’ असे घोकत ज्यांनी पहिले पोलके बेतले, ते या गणिताचेच वारसदार आहेत. गणिताने विद्या सोपी झाली. पण त्याबरोबर एक गृहीतही शिरले: छाती कळली की बाकीचा माणूस कळतो.

त्यानंतर यंत्र आले. एलियास हाऊ यांचे पेटंट 1846 चे, आयझॅक सिंगर यांचे 1851 चे, आणि सिंगर कंपनीची हप्तेबंदीची विक्री 1856 पासूनची. पण यंत्र शिवते, बेतत नाही. बेतण्याची विद्या घरोघरी पोहोचवली ती एबेनेझर बटरिक या मॅसॅच्युसेट्समधील शिंप्याने. 1863 साली त्याने वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विकावयास आरंभ केला. त्यापूर्वी मिळणारे नमुने एकाच मापाचे असत, त्यामुळे आपल्या मुलाच्या अंगाप्रमाणे ते वाढवणे-घटवणे गृहिणीच्याच माथी येई. ही अडचण बटरिकच्या पत्नीने, एलेनने, बोलून दाखवली आणि तिच्यातूनच ही कल्पना निघाली, असे सांगतात. त्याच्या आरंभीच्या नमुन्यांत विशेष खपले ते लहान मुलांच्या ‘गॅरिबाल्डी’ पोशाखाचे. इटलीचा तो लाल सदऱ्याचा क्रांतिकारक अवघ्या काही वर्षांपूर्वी सिसिलीत उतरला होता. इकडे अमेरिकेतल्या आया त्याच्या नावाचा पोशाख आपल्या पोरांसाठी घरी शिवत होत्या. म्हणजे बंडखोराचा पोशाख स्वयंपाकघराशेजारच्या यंत्रावर शिवला जाणे ही विसाव्या शतकाची गंमत नव्हे. कागदी नमुन्याच्या जन्मापासून ती त्याच्या सोबत आहे.

परफेक्टोच्या वाट्यालाही हेच आले. 1953 च्या ‘द वाइल्ड वन’ या चित्रपटात मार्लन ब्रँडो तशाच जाकिटात दिसला. ब्रिटिश सेन्सॉरने 1954 मध्ये तो चित्रपट नाकारला, आणि तो तेथे संमत झाला तो थेट 1967 साली. ज्या पोशाखाची इतकी धास्ती होती, तो 1960 मध्येच पॅरिसमध्ये पोहोचला होता. डिऑरच्या घराण्यासाठी काम करणाऱ्या तरुण इव्ह सँ लोराँ यांनी मगरीच्या काळ्या कातड्याला मिंकची किनार लावून स्त्रियांसाठी जाकीट सादर केले. गिऱ्हाइके बिचकली. पुढे काही वर्षांतच बिचकण्याचे कारण कोणाला आठवेनासे झाले.

या कथेत स्त्रिया उशिरा येतात, असे मात्र समजू नये. ऑगस्टा आणि अ‍ॅडेलिन व्हॅन ब्युरेन या बहिणींनी 1916 साली मोटारसायकलींवरून न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस हा प्रवास पुरा केला. युद्धात निरोप्याचे काम स्त्रियाही करू शकतील, हे त्यांना दाखवावयाचे होते. वाटेत पुरुषी पोशाख केल्याबद्दल त्यांना अटक झाली आणि पुढे सैन्याने त्यांचा अर्जही नाकारला. 1950 च्या दशकात जर्मनीतील अंके-एव्ह गोल्डमान या मोटारसायकलपटूने ‘हारो’ या चर्मवस्त्रे करणाऱ्या कंपनीच्या साहाय्याने स्वतःसाठी तिरप्या चेनचा, अंगासरशी बसणारा अखंड पोशाख करवून घेतला. बाजारात होते ते पुरुषांच्या छातीवर बेतलेले. तिने पोशाखाला आपल्या शरीराकडे वळवले.

येथे आमचा स्वतःचा अनुभव सांगणे भाग आहे. आमचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर उतरता आहे. तयार जाकीट घातले की डावीकडे मानेखाली कापडाचा झोळ पडतो. एका दुकानात विक्रेत्याने आम्हांला आरशापुढे सरळ उभे राहण्यास सांगितले होते. आम्ही सरळच उभे होतो. अशा प्रसंगी माणूस दोष कापडाला देत नाही, स्वतःला देतो. आम्हीही तो बरीच वर्षे देत आलो.

तयार कपड्यांचे माप कोठून येते, याचा शोध घेतला तेव्हा हा समज ढासळला. अमेरिकेच्या कृषिखात्याने 1939-40 मध्ये रूथ ओब्रायन यांच्या देखरेखीखाली स्त्रियांच्या शरीराची मोठी मोजणी केली. प्रत्येकीची एकोणसाठ मापे घेतली गेली आणि त्या नोंदींवरून 1941 साली अहवाल निघाला. तयार कपडे आणि कागदी नमुने या दोहोंसाठी तो होता. पण त्यात मोजल्या गेल्या त्या केवळ गोऱ्या स्त्रिया, इतरांच्या नोंदी बाजूला ठेवल्या गेल्या. या आकड्यांच्या आधारे 1958 मध्ये प्रमाण मापे जाहीर झाली, पुढे ती सुधारली गेली आणि 1983 मध्ये मागे घेण्यात आली. ज्याला आपण ‘माप’ म्हणतो ते कोणाच्या तरी मोजणीचे सरासरी उत्तर असते, आणि त्या मोजणीत कोणाला उभे करावयाचे हे आधी कोणीतरी ठरवलेले असते. सरासरीत दोन्ही खांदे नेहमी सारखे असतात. माणसांत ते क्वचितच तसे असतात.

घरी शिवताना याचा उपाय हाती येतो, आणि तो अगदी साधा आहे. आधी मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवावा, तो अंगावर घालावा, जेथे झोळ आहे तेथे टाचण्या लावाव्यात, खडूने खुणा कराव्यात, मग उसवून त्या खुणा कागदावर उतरवाव्यात. चामड्यावर हे करता येत नाही. सुई एकदा गेली की भोक कायमचे राहते, म्हणून चुका मांजरपाटावरच करून घ्याव्या लागतात. उसवणे ही नामुष्की नव्हे. मूळची शाळामास्तरीण असलेल्या व्हिव्हियन वेस्टवुडने 1970 च्या दशकाच्या आरंभी लंडनच्या किंग्ज रोडवरील दुकानासाठी कपडे करताना जुने कपडे उसवूनच त्यांचा बेत शिकून घेतला. आमच्याकडे जाड सुती कापड होते, चामडे नव्हते. प्रिन्सेस कटच्या शिवणीत बोटभर माया जास्त ठेवून आम्ही तीन वेळा शिवले आणि तीन वेळा उसवले. पहिल्या खेपेस खांदा उतरवला, तर त्याबरोबर मुंढाही खाली गेला आणि हात वर होईना. दुसऱ्या खेपेस मुंढा तेवढाच वर घेतला. तिसऱ्या खेपेस झोळ गेला.

सदरा बेतताना आपण कापडाची घडी घालतो आणि डावा-उजवा भाग एकदमच कापतो. घडी दोन्ही बाजू सारख्या आहेत असे मानूनच चालते. तिरप्या चेनच्या जाकिटाला ही घडी चालत नाही. त्याचे दोन पुढे मुळातच निराळे असल्याने प्रत्येक भाग एकेरी कापडावर स्वतंत्र कापावा लागतो. पाठीचा भाग एवढा घडीवर होता, तोही आम्ही उलगडून पूर्ण आखला. आता आमच्या नमुन्यांच्या पाकिटात खांद्याचे दोन कागद आहेत. एकावर ‘डावा’ लिहिले आहे, दुसऱ्यावर ‘उजवा’. ‘बरोबर’ असे कोणत्याच कागदावर लिहिलेले नाही.