हमामची आग बाहेर असायची

हिवाळ्यात न्हाणीघर गार पडलं की आपल्याकडे एकच उपाय सुचतो, पाणी तापवायचं. आधी तांब्याचा बंब होता, मग बादलीत सोडायची हीटरची कांडी आली, आता गिझर. पण कढत पाणी घेतलं तरी दुसऱ्या तांब्याच्या आत हुडहुडी भरतेच. फरशी गार असते, भिंती गार असतात, आणि ओल्या अंगावरचं पाणी वाळताना अंगाचीच ऊब घेऊन जातं. जुन्या काळी हमाम बांधणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून ते पाण्याबरोबर खोलीही तापवायचे.

मूळ युक्ती रोमन लोकांची. फरशी बुटक्या खांबांवर उचलून धरायची आणि खालच्या पोकळीत गरम हवा खेळवायची. शाम आणि जॉर्डनचा मुलूख मुसलमानांच्या ताब्यात आला, तेव्हा तिथली ही स्नानगृहं त्यांनी मोडली नाहीत, उलट तशीच नवी बांधली. जॉर्डनच्या वाळवंटात कुसैर अम्रा नावाची छोटी वास्तू आजही उभी आहे. आठव्या शतकाच्या पूर्वार्धात उमय्या घराण्यातल्या वलीद बिन यझीद या शहजाद्याने ती बांधवली. हा पुढे खलिफा झाला. तिथल्या सर्वांत उष्ण खोलीच्या घुमटात आकाशातले तारकासमूह रंगवलेले आहेत. बघणारे वर बघतात, पण मला खरी हुशारी पायाखाली दिसते.

हमामची भट्टी न्हाणाऱ्यांच्या खोलीत नसायची. ती भिंतीपलीकडे, आणि तिचं तोंडही बाहेरच्या बाजूला. जळण टाकणारा माणूस तिकडेच राबायचा, आतल्यांना तो दिसतही नसे. भट्टीवर पाण्याची टाकी बसवलेली असे. आगीचा धूर आणि गरम हवा फरशीखालून फिरून भिंतीतल्या नळ्यांनी वर चढायची आणि धुराड्यातून निघून जायची. म्हणजे ऊब खोलीला मिळायची आणि धूर आत यायचा नाही. बाकी बांधणी ही ऊब टिकवण्यासाठी. भिंती जाडजूड, दारं बुटकी आणि येण्याची वाट वाकडी, म्हणजे बाहेरचा वारा सरळ आत घुसत नाही. खिडकी नाहीच, उजेडासाठी घुमटाला काच बसवलेली लहान भोकं. खोल्याही एकामागून एक होत्या, आधी गार, मग कोमट, मग उष्ण. बाहेर पडताना तोच क्रम उलटा, म्हणजे घामेजलेल्या अंगाला एकदम थंडी लागत नसे.

बाबर १५२६ मध्ये दिल्ली-आग्र्याला आला तेव्हा हिंदुस्थानात हमाम नाहीत, ही त्याची एक मोठी तक्रार होती. उष्मा, जोराचा वारा आणि धूळ या तिन्ही त्रासांवर हमाम हाच इलाज, असं तो आपल्या आत्मचरित्रात सांगतो, आणि आग्र्याला बाग लावली तेव्हा हमामही बांधून घेतला. जाड भिंती आणि बंदिस्त खोल्या थंडीत ऊब धरतात, तशाच उन्हाळ्यात तलखीही बाहेर ठेवतात.

पुढे मुघल दरबारात गुसलखान्याजवळच्या दालनात बादशहा निवडक माणसांशी खलबतं करू लागला आणि त्या दालनालाच गुसलखाना म्हणू लागले. शाहजहाननं त्याला दौलतखाना-ए-खास असं भारदस्त नाव दिलं, पण लोकांच्या तोंडी जुनंच राहिलं. १२ मे १६६६ रोजी आग्र्यात शिवाजी महाराज औरंगजेबासमोर उभे राहिले तो दिवाण-ए-खास म्हणजे हाच गुसलखाना. वर्गात हे सांगितलं की मुलं हमखास हसतात. (जाता जाता, आपल्या स्वयंपाकघरातल्या हमामदस्त्याचा हमामशी काही संबंध नाही. तो मूळचा हावन-दस्ता.) दख्खनच्या वाटेवर बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात हमाम आहे आणि आपल्या दौलताबादच्या किल्ल्यातही आहे. पण हे सगळे बड्यांचे. आपल्याकडे थंडी बेताची आणि सरपण महाग, त्यामुळे सामान्यांच्या घरात बंबच राहिला.

सामान्य माणसाचा हमाम बघायचा तर काश्मीरच्या मशिदीत बघावा. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस तिथं चिल्ला-ए-कलान, कडाक्याची थंडी. मशिदीच्या एका भागात दगडी फरशीखाली लाकडं जाळतात, त्याच आगीवर तांब्याच्या भांड्यात वुजूचं पाणी तापतं आणि वरच्या फरशीवर नमाजीच नव्हे, तर मोहल्ल्यातले म्हातारेकोतारेही येऊन बसतात.

थंडीत वुजू नीट करण्याचं सवाब मोठं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्याचा अर्थ जीव धोक्यात घालणं असा नाही. हिजरी ८ मध्ये जातुस्सलासिलच्या मोहिमेत हजरत अम्र बिन आस यांना गुस्लची गरज होती आणि रात्र इतकी गार होती की पाण्यानं जीव जाईल असं त्यांना वाटलं. त्यांनी तयम्मुम करून साथीदारांची नमाज पढवली. प्रकरण हुजूर (स.) यांच्यापर्यंत गेलं, तेव्हा त्यांनी कारण ऐकलं, हसले आणि काही बोलले नाहीत.

आज आपण जीव धोक्यात घालतो तो थंडीनं नाही, उबेच्या हौसेनं. फ्लॅटचं न्हाणीघर चार बाय सहाचं, त्यात गॅसचा गिझर, आणि वारा येतो म्हणून झरोक्याला पुठ्ठा किंवा टॉवेल कोंबलेला. कौलारू घरात बंबाचा धूर फटींतून निघून जायचा. इथं गिझर खोलीतलाच प्राणवायू खातो, तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला आधी गरगरतं, मग कडीपर्यंत हात पोचत नाही. दर हिवाळ्यात अशी बातमी येते आणि आपण 'न्हाताना चक्कर आली' म्हणून पान उलटतो. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या बांधकाऱ्यानं जी आग भिंतीपलीकडे ठेवली, ती आपण आत आणून दार लावून घेतलं.

आमच्या मोहल्ल्यात दोन-तीन घरांनी गिझर मोकळ्या गॅलरीत लावून फक्त पाण्याचा नळ आत घेतलाय. नळी लांब झाल्यानं पहाटे फजरच्या वेळी पहिली अर्धी बादली गारच येते. ती बाजूला ठेवून नंतर मोरी धुवायला घेतात, आणि पुढचं गरम पाणी दोन तांबे आधी फरशीवर ओततात, म्हणजे पाय ठेवताना दचकायला होत नाही.