व्यंकोजीराजांची समजूत

लढाईंतील पराभव फौज लवकर विसरते. धन्याच्या मनांत रुतलेला पराभव मात्र सारें राज्य पोखरीत राहतो. धन्यानें चुकीचा निर्णय घ्यावा, त्याचें फळ चारचौघांदेखत भोगावें आणि लाजेनें कारभारच टाकून बसावें, अशा वेळीं भोंवतालच्या माणसांची खरी कसोटी लागते. तंजावरच्या व्यंकोजीराजांवर असा प्रसंग इ. स. १६७७ च्या अखेरीस ओढवला.

शहाजीराजे १६६४ सालीं वारले आणि त्यांची कर्नाटकांतील दौलत व्यंकोजीराजांच्या हातीं राहिली. रघुनाथपंत हणमंते हे शहाजीराजांच्या विश्वासांतले कारभारी. परंतु नव्या धन्याशीं त्यांचें पटेना. ते तंजावर सोडून शिवाजीमहाराजांस मिळाले. जाणत्या माणसास दुखवून दूर करणें ही व्यंकोजीराजांची पहिली चूक.

दक्षिणेच्या स्वारींत, १६७७ च्या पावसाळ्यांत, महाराजांनीं धाकट्या भावास कोळरूण नदीकांठीं भेटीस बोलाविलें आणि वडिलार्जित दौलतीचा अर्धा वांटा मागितला. व्यंकोजीराजांनीं होकार दिला नाहीं, उघड नकारहि दिला नाहीं. एके रात्रीं ते गुपचूप नदी उतरून तंजावरास निघून गेले. महाराज स्वदेशीं परतूं लागल्यावर नोव्हेंबरांत त्यांनीं महाराजांच्या मागें राहिलेल्या फौजेवर चाल केली. वालगोंडपुरापाशीं दिवसा त्यांची सरशी झाली. पण रात्रीं छापा पडला आणि हातीं आलेला जय हातचा गेला.

आतां तंजावर घेणें महाराजांस अशक्य नव्हतें. त्यांनीं तें घेतलें नाहीं; पत्र लिहिलें. पत्रांत दोष स्पष्ट दाखविला होता, परंतु त्याचा कांहीं भार वाईट सल्ला देणाऱ्यांवर टाकून तडजोडीची वाट मोकळी ठेविली होती. कठोर शब्दाची किंमत महाराजांस ठाऊक होती. त्यांच्याच ठपक्यानें पेटून प्रतापराव गुजर २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं नेसरीस अवघ्या मूठभर स्वारांनिशीं शत्रूवर तुटून पडले व कामास आले.

तंजावरच्या वाड्यांत ही वाट ओळखली ती राणी दीपाबाईंनीं. बखरकार सांगतात कीं, वडील भावाशीं वैर सोडावें आणि रघुनाथपंतांस बोलावून त्यांच्याच हातून सलोखा करावा, असा सल्ला त्यांनीं पतीस दिला. या सल्ल्यांतील मर्म ध्यानांत घेण्याजोगें आहे. शत्रूपुढें नमणें जड. पण वडिलांच्या जुन्या सेवकास घरीं बोलावण्यांत कमीपणा कसला? ज्याला दुखविलें त्याच्याच हातीं तह सोंपविल्यानें पहिली चूकहि आपोआप भरून निघाली.

तह एकोणीस कलमांचा झाला. त्यांत बंगळूर, होसकोट व शिरें येथील मुलूख दीपाबाईंस चोळीबांगडीसाठीं दिला. पराभूत राजानें तो स्वीकारला असता, तर ती दया ठरली असती. वहिनीच्या नांवें दिल्यानें तो माहेरच्या अहेरासारखा झाला आणि राजाची मान ताठ राहिली.

तरीहि व्यंकोजीराजांचें मन उठेना. ते खाण्यापिण्यांत लक्ष घालीनात, दरबारांत रमत नव्हते, विरक्तीची भाषा बोलूं लागले. रघुनाथपंतांनीं हें महाराजांस कळविलें. आयुष्याच्या शेवटल्या वर्षांत महाराजांनीं भावास पुन्हां पत्र धाडलें. या पत्रांत ठपका नव्हता. वैराग्य उतारवयास शोभतें, सध्यां पराक्रमाचे दिवस आहेत. फौज रिकामी बसवूं नये, पंतांकडून कामें करून घ्यावीं, नांव मिळवावें, असा त्याचा आशय होता. झालें तें उगाळण्याऐवजीं उद्यांचें काम पुढें ठेवलें होतें.

व्यंकोजीराजांचें घराणें तंजावरास १८५५ पर्यंत टिकलें. त्या घराण्यानें जोपासलेलें सरस्वती महाल ग्रंथालय आजहि उभें आहे. तें राज्य वांचलें तें एकाच्या शौर्यानें नव्हे. पत्नीनें बाहेर पडण्याचें दार दाखविलें, दुखावलेला कारभारी मान विसरून परत आला आणि जिंकलेल्या भावानें जिंकल्याची आठवण दिली नाहीं. चुकलेल्या धन्यास चूक बहुधा ठाऊकच असते. त्याला हवी असते ती मान राखून माघारीं येण्याची वाट.