संक्रांत कशावर आहे?

२०२६ ची गोष्ट. भोगीच्या आदल्या संध्याकाळी डोंबिवलीत आमच्या मजल्यावर एक छोटी सभा भरली होती. शेजारच्या काकूंच्या सुनेची पहिली संक्रांत. हलव्याचे दागिने आणून झाले होते, काळी चंद्रकळा इस्त्री करून कपाटाच्या दाराला लटकवली होती, सुगडं धुऊन पालथी घातली होती. तेवढ्यात काकूंच्या फोनवर निरोप आला : यंदाही संक्रांत पिवळ्यावर आहे, पिवळं नेसू नका, पिवळं वाणात देऊ नका. आदल्या वर्षीही, २०२५ मध्ये, ती पिवळ्यावरच होती. सुनेनं सरळ विचारलं, "अहो आई, मग हळद कशी लावायची? ती पिवळीच ना!"

काकू गप्प झाल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला तो प्रश्न फार आवडला. 'संक्रांत कशावर आहे' हे आपण दरवर्षी विचारतो, पण ती वाघावर का, पिवळ्यातच का, हे कोण ठरवतं, ते सहसा विचारत नाही.

शब्दापासून निघू. 'सम्' आणि 'क्रम्', म्हणजे पाऊल टाकून पलीकडे जाणं. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत गेला की संक्रांती. अशा वर्षाला बारा होतात. आपण मराठी माणसांनी बाकीच्या अकरा भटजींच्या स्वाधीन केल्या आणि एकच 'संक्रांत' घरात घेतली, ती मकरेची. ग्रहांचं राश्यांतर आपल्याकडे इतरही मोठ्या गोष्टी घडवतं : गुरू सिंहेत गेला की नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ, कन्येत गेला की कृष्णाकाठी कन्यागत, शनी चंद्रराशीच्या आसपास आला की घरोघरी साडेसातीची कुजबुज. पण बायकांनी ओटीत घेऊन वाटलं असं राश्यांतर हे एकच.

आता वाघ आणि पिवळं वस्त्र. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते, हे आपल्याला ठाऊक असतं. तिचा अर्धा भाग, सहा अंशांचा, म्हणजे करण. करणांची नावं अकरा : बव, बालव, कौलव, तैतिल, गर, वणिज आणि विष्टि ही सात महिनाभर फिरत राहतात, तर शकुनि, चतुष्पाद, नाग आणि किंस्तुघ्न ही चार अमावास्येच्या आगेमागे ठरल्या जागी येतात. सूर्य मकरेत शिरताना यांपैकी जे करण चालू असेल, त्यावरून संक्रांतीदेवीचं वाहन ठरतं. बव असेल तर सिंह, बालव तर वाघ, कौलव तर वराह. पुढे गाढव, हत्ती, रेडा, घोडा, कुत्रा, मेंढा, बैल आणि शेवटी कोंबडा. वस्त्रांचीही तशीच ओळ आहे : पांढरं, पिवळं, हिरवं, अशी अकरा. काशीच्या राम दैवज्ञानं १६०० साली लिहिलेल्या 'मुहूर्तचिंतामणी'त ही सगळी मांडणी आहे आणि आपल्या पंचांगांतलं संक्रांतीचं वर्णन त्याच परंपरेतलं आहे.

पडताळून पाहा. १५ जानेवारी २०२४ च्या पहाटे सूर्य मकरेत शिरला तेव्हा विष्टि करण होतं, म्हणून देवी घोड्यावर आणि काळ्या वस्त्रात. १४ जानेवारी २०२५ ला बालव, म्हणून वाघ आणि पिवळं. १४ जानेवारी २०२६ ला षट्तिला एकादशीचा उत्तरार्ध चालू होता. पुन्हा बालव, पुन्हा वाघ, पुन्हा पिवळं. देवीचं नावसुद्धा वारावरून ठरतं : मंगळवारी आली तर महोदरी, बुधवारी आली तर मंदाकिनी. हातातलं शस्त्र, कपाळाचा टिळा, हुंगायचं फूल, खायचा पदार्थ, ती बसलेली की उभी, हे सगळं असंच कोष्टकातून येतं.

मला हे जेव्हा पहिल्यांदा उमगलं, तेव्हा त्या देवीकडे पाहण्याची माझी नजरच बदलली. ती भीती दाखवायला आलेली बाई नाही. ती एका क्षणाची नोंद आहे. घड्याळ नसलेल्या, छापील कागद नसलेल्या काळात जोशीबुवा दारोदार फिरून वर्षाचं फळ सांगत. वार, करण, वेळ असे कोरडे तपशील कोण लक्षात ठेवणार? पण वाघावर बसलेली, पिवळं नेसलेली मंदाकिनी कुणीही विसरत नाही. आकाशाचा हिशेब माणसांच्या तोंडी राहावा म्हणून त्याला साडी नेसवली, असं मला वाटतं. हे खरं, की जुन्या फलितात तिनं वापरलेल्या वस्तू महाग होतात, ती ज्या दिशेला जाते तिथं दुःख होतं, असंही म्हटलं आहे. पण तो वर्षफळाचा भाग. कुणी त्या रंगाची साडी नेसू नये असं त्यात नाही. ठाण्याचे पंचांगकर्ते दा. कृ. सोमण कितीतरी वर्षं हेच समजावून सांगत आले आहेत, की संक्रांत अशुभ नाही आणि अशा अफवांवर विश्वास ठेवू नये.

सूर्य मकरेत जातो म्हणजे कुठं जातो? कथा सांगते, लेकाच्या घरी जातो. मकर आणि कुंभ ही शनीची घरं. शनी हा सूर्य आणि छाया यांचा मुलगा, रंगानं काळा, बापाशी न पटणारा. वर्षातून एकदा बाप रुसवा सोडून त्याच्या दारी येतो आणि मुलगा काळे तीळ देऊन त्याचं स्वागत करतो. तिळगूळ देताना आपण 'गोड बोला' म्हणतो, त्यामागे या बापलेकांची सावली आहे असं मला कायम वाटत आलं आहे. दुसरी कथा देवीची : तिनं संक्रांतीला शंकरासुराला मारलं आणि दुसऱ्या दिवशी किंकरासुराला, म्हणून किंक्रांत.

मात्र ही घरं शनीला दिली कुणी? इथं गोष्ट समुद्र ओलांडते. ग्रीक ज्योतिषात सूर्याला सिंह आणि चंद्राला कर्क अशा भर उन्हाळ्याच्या राशी दिल्या, आणि त्यांच्या थेट समोरच्या, हिवाळ्याच्या दोन राशी सर्वांत दूरच्या, सर्वांत मंद आणि थंड मानलेल्या ग्रहाला. तो शनी. खुद्द राशीही त्याच वाटेनं आल्याच्या खुणा आपल्याच ग्रंथांत आहेत. वराहमिहिरानं सहाव्या शतकात 'बृहज्जातका'त राशींची क्रिय, ताबुरि, जितुम अशी नावं नोंदवली आहेत. त्यात मकरेचं नाव आहे 'आकोकेर', ग्रीकांचं 'आयगोकेरोस', म्हणजे बोकडाच्या शिंगांचा. त्याही आधी बाबिलोनमध्ये हा प्राणी पुढून बोकड आणि मागून मासा होता. आपल्याकडे येता येता बोकडाचं हरीण झालं, माशाचा मकर झाला, आणि ग्रहाच्या थंडपणातून बापलेकाची गोष्ट उगवली. उसनी वस्तू इतकी आपली करून घ्यायला फार मोठं घर लागतं.

राशी नंतर आल्या; उत्तरायण त्यांच्या कितीतरी आधीचं. वेदांग ज्योतिषात सत्तावीस नक्षत्रं आहेत, बारा राशी नाहीत. त्यात सूर्य धनिष्ठेच्या आरंभी आला की उत्तरेकडे वळतो. या वेदांग ज्योतिषाची मराठी भाषांतरासह आवृत्ती १८८५ साली निघाली ती ठाण्यात, आणि ती काढली जनार्दन बाळाजी मोडकांनी. 

१८८० ते १८८२ अशी दोन वर्षं ठाण्याच्या एक नंबरच्या मराठी शाळेला एक हेडमास्तर लाभले होते, शंकर बाळकृष्ण दीक्षित. जन्म १८५३ चा, मुरूडचा, म्हणजे ठाण्याला पहिली आगगाडी आली त्यानंतर तीनेक महिन्यांचा. दिवसा मुलांची पटसंख्या आणि पाढे, उरलेल्या वेळात ग्रहगणित. ठाण्यात त्यांची मोडकांशी गाठ पडली. पुढे ग्वाल्हेरचे विसाजी रघुनाथ लेले आणि हे दोघे मिळून सायन पंचांग काढू लागले. दीक्षितांनी १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' छापला, आणि १८९८ मध्ये, पंचेचाळीशीही गाठण्याआधी, ते गेले. त्या पुस्तकाच्या तोडीचं काम त्या विषयात मराठीत दुसरं झालेलं नाही, असं मी अगदी विचार करून लिहितो.

या मंडळींचं म्हणणं काय होतं? सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला. मग मकर संक्रांत, जिला आपण उत्तरायणाचा आरंभ म्हणतो, ती जानेवारीच्या मध्यावर कशी? कारण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो. त्यामुळे ऋतूंची जागा ताऱ्यांच्या तुलनेत सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकते. आज चालणाऱ्या गणितानं इसवी सन २८५ च्या सुमारास सूर्याचं वळणं आणि मकर संक्रांत ही दोन्ही एकाच दिवशी होती. आता त्यांत चोवीस अंशांचं अंतर पडलं आहे. ऋतूंना धरून मोजणारे ते सायनवादी, ताऱ्यांना धरून मोजणारे निरयनवादी. सायनवाद्यांच्या हिशेबानं संक्रांत डिसेंबरातच यायला हवी.

जुन्या राजांच्या लेखी मात्र तारखेच्या वादापेक्षा पर्व महत्त्वाचं होतं. राष्ट्रकूट अमोघवर्षाचा शके ७९३ चा, म्हणजे ८७१ सालचा ताम्रपट संजाणला सापडला, तेव्हा संजाण ठाणे जिल्ह्यातच होतं. त्यातलं गावाचं दान पौषातल्या उत्तरायणाच्या महापर्वावर दिलेलं आहे. आपल्या सुगडातल्या बोरा-घाट्यांच्या मागं दानाची एवढी लांब रांग उभी आहे.

निरयनवाल्यांतही एकमत नव्हतं. केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६५ च्या सुमारास शुद्ध गणिताचं पटवर्धनी पंचांग सुरू केलं, त्यात आरंभ धरला रेवती नक्षत्रातल्या एका बारीक ताऱ्यापासून. टिळक पंचांग त्याच वाटेनं गेलं, आणि ते मानणाऱ्या घरांत आजही संक्रांत १० जानेवारीला होते. चित्रा ताऱ्याच्या समोरून मोजणाऱ्यांची १४-१५ जानेवारीला. म्हणजे एका शतकात मराठी घरांसमोर तीन संक्रांती ठेवल्या गेल्या. घरांनी निवडली ती १४ ची, पण दीक्षित-मोडकांची तारीख पुसली गेली नाही. मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९५७ पासून जे राष्ट्रीय पंचांग चाललं आहे, त्यात १ पौष येतो २२ डिसेंबरला.

तारीख सरकते हे एकदा ध्यानात आलं की एक जुनी जखमही वेगळी दिसते. पानिपत १४ जानेवारी १७६१ ला झालं, म्हणून 'संक्रांत कोसळली' असं आपण म्हणतो आणि त्या दिवशी संक्रांत होती असं मानतो. ती नव्हती. १८६३ मध्ये स्वामी विवेकानंद जन्मले ती संक्रांत १२ जानेवारीची. त्याआधी शंभर वर्षं मागे गेलं की ती १० जानेवारीच्या आसपास येते. सदाशिवरावभाऊंच्या उपाशी छावणीत सण चार दिवस आधीच होऊन गेला होता. तिथं पडलेल्यांचं ओझं आपण या देवीच्या डोक्यावर उगाच ठेवलं आहे.

आमची गॅलरी दक्षिणेला आहे. दरवर्षी २२ डिसेंबरला दुपारी पाऊणच्या सुमारास ऊन घरात जिथवर येतं तिथं मी फरशीवर पेन्सिलनं रेघ मारतो. संक्रांतीच्या दुपारी ते सात-आठ बोटं मागं गेलेलं असतं, गॅलरीच्या दिशेनं. त्या वर्षी संक्रांतीला सुनेला बोलावून मी ती रेघ दाखवली. ती खाली वाकली, बोटांनी मोजलं, पुन्हा मोजलं.

सव्वातीनच्या सुमारास सूर्य मकरेत गेला. काकूंकडे सुगडं पुजून झाली, गॅलरीत तुळशीशेजारी पाट मांडला होता. बायका यायला लागल्या तेव्हा सहा वाजत आले होते. सुनेनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एकादशी नुकतीच संपली होती, बालव सरून कौलव लागलं होतं.

"आई," ती म्हणाली, "देवीला यायला थोडा उशीर झाला असता, तर ती हिरव्यात आली असती."

काकूंनी हळदीची वाटी तिच्या हातात दिली.