पतपुनर्स्थापना आणि क्रेडिट कार्ड : अमेरिकेतील विस्मृतीचा कायदा आणि स्मृतीची यंत्रणा

प्रस्तावना

मराठीत ‘पत’ हा शब्द माणसाला चिकटून येतो. पत असते, राहते, जाते. आणि ‘त्याची पत गेली’ असे म्हणताना उसनवारी बंद झाली एवढाच अर्थ अभिप्रेत नसतो, त्याची चारचौघांतील उठबस बदलली हेही त्यात येते. गेलेली पत परत मिळवण्यासाठी माणसे जे करीत, त्याला ठरावीक पायऱ्या नव्हत्या. कर्ज फेडावे, काही वर्षे जाऊ द्यावीत, एखाद्या वजनदार गृहस्थाने शब्द टाकावा, असा तो व्यवहार होता. अमेरिकेत मात्र विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन-तीन दशकांत या प्रवासाला मोजता येण्याजोग्या पायऱ्या निर्माण झाल्या. दिवाळखोरीतून बाहेर पडलेली सामान्य व्यक्ती आपली पुढची वर्षे सांगू लागते तेव्हा अनामत ठेवून मिळालेले पहिले कार्ड, ती अनामत परत आल्याचा दिवस, पहिले बिनतारणी कार्ड, पतमर्यादा वाढविल्याचे बँकेचे पत्र अशा खुणा ती सांगते. लग्न, नोकरी, घर यांच्या रांगेत कार्ड येऊन बसले आहे.

या विषयाकडे माझे लक्ष माझ्या मामेभावामुळे गेले. संगणक अभियंता म्हणून तो न्यू जर्सीत गेला, पगार उत्तम होता, डोक्यावर एका पैचे कर्ज नव्हते. तरीही एका बँकेने त्याला कार्ड नाकारले. अखेर पाचशे डॉलर अनामत ठेवून त्याला पाचशे डॉलर मर्यादेचे कार्ड घ्यावे लागले. फोनवर तो म्हणाला, “अरे, इथे मी आणि दिवाळं निघालेला माणूस एकाच खिडकीसमोर उभे आहोत.” त्याने हे चेष्टेत म्हटले होते. परंतु कधीही कर्ज न घेतलेला आणि कर्जात बुडालेला या दोघांसाठी एकच दार का असावे, हा प्रश्न इतिहासाचा आहे. कर्जाने उद्ध्वस्त झालेल्या माणसाला पुन्हा विश्वासार्ह ठरण्यासाठी कर्जाचेच साधन का हाती घ्यावे लागते, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

चोपड्यांतील स्मृती

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन कर्जदाराला पत परत मिळवण्याचा एक सोपा मार्ग उपलब्ध होता, तो म्हणजे निघून जाणे. देणेकऱ्यांचा ससेमिरा चुकवण्यासाठी दारावर ‘टेक्सासला गेला’ अशा अर्थाची आद्याक्षरे लिहून कुटुंबे पश्चिमेकडे जात. नव्या गावात जुनी ओळख नसे, त्यामुळे जुनी बदनामीही नसे.

हा मार्ग बंद करण्यास ज्यांनी हातभार लावला त्यांत लुईस टॅपन याचे नाव प्रथम घ्यावे लागते. त्याचा भाऊ आर्थर याची न्यूयॉर्कमधील रेशमाची पेढी १८३७ च्या आर्थिक अरिष्टात कोसळली. लुईस त्या पेढीत भागीदार होता. उधारीवर माल नेणारे दूरच्या गावांतील दुकानदार नेमके कसे आहेत, हे न्यूयॉर्कच्या घाऊक व्यापाऱ्याला कळत नाही, हा त्या पतनाचा धडा त्याने घेतला आणि १८४१ मध्ये ‘मर्कंटाइल एजन्सी’ स्थापन केली. गावोगावचे बातमीदार, त्यांत वकील बरेच, स्थानिक व्यापाऱ्यांची माहिती कळवीत. ती न्यूयॉर्कच्या कचेरीत मोठमोठ्या चोपड्यांत उतरवली जाई आणि वर्गणीदारांना सांगितली जाई. मालमत्ता किती, दारू पितो काय, बायकोच्या माहेरची स्थिती कशी, यापूर्वी कोठे दिवाळे काढले होते काय, असे सर्व त्यात असे. या चोपड्या आज हार्वर्ड विद्यापीठाच्या बेकर ग्रंथालयात आहेत आणि त्यांची संख्या दोन हजारांहून अधिक आहे. टॅपन हा गुलामगिरीचा कट्टर विरोधक होता. माणसाच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या या गृहस्थाने माणसाचा भूतकाळ त्याच्या पाठीशी कायमचा बांधणारी यंत्रणा उभारली, ही गोष्ट मला विसंगत वाटत नाही. नैतिक आचरण आणि व्यापारी विश्वास त्याच्या लेखी एकच होते.

येथे आपल्याकडील एक घटना आठवल्यावाचून राहत नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतील कर्जखते मागून घेतली आणि जाळली. ज्या कागदावर त्यांचे ऋण लिहिलेले होते तो कागद त्याच गावात, ओळखीच्या वाड्यात होता. टॅपनच्या चोपडीत ज्याचे नाव चढले त्याला ती चोपडी पाहण्यासही मिळत नसे. ती शेकडो मैलांवर होती. सुप्याच्या शेतकऱ्याचे दुःख अधिक दारुण होते हे उघड आहे, पण त्याला शत्रू कोठे आहे हे ठाऊक होते.

व्यापाऱ्यांपुरती असलेली ही पद्धत पुढे सामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचली. १८९९ मध्ये अटलांटा येथे वुलफोर्ड बंधूंनी ‘रिटेल क्रेडिट कंपनी’ काढली. तीच १९७५ पासून ‘इक्विफॅक्स’ या नावाने ओळखली जाते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहरोशहरी अशा पतनोंदणी कचेऱ्या होत्या.

विसरण्याचा कायदा

याच काळात राज्यसंस्था उलट दिशेने जात होती. १८००, १८४१ आणि १८६७ चे दिवाळखोरीचे संघीय कायदे अल्पायुषी ठरले. १८९८ चा कायदा टिकला. प्रामाणिक परंतु दुर्दैवी कर्जदाराला जुन्या ओझ्यातून सोडवून नव्याने सुरुवात करण्याची संधी देणे हे या कायद्याचे प्रयोजन आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९३४ मध्ये ‘लोकल लोन विरुद्ध हंट’ या खटल्यात स्पष्ट केले. कर्ज माफ झाले, तरी त्याची आठवण माफ होत नव्हती. न्यायालयाने ज्याला मुक्त केले त्याचीच नोंद पतकचेरीच्या कपाटात हवी तितकी वर्षे पडून राही.

या विसंगतीला पहिला धक्का १९७० च्या ‘फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट’ने दिला. सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी पुढाकार घेतलेला हा कायदा १९७१ मध्ये अमलात आला. नागरिकाला आपल्याविषयीच्या नोंदींचे स्वरूप जाणून घेण्याचा व त्यांना आव्हान देण्याचा अधिकार त्याने दिला, आणि प्रतिकूल नोंदींना आयुर्मर्यादा घातली. बहुतेक नोंदींना सात वर्षे, दिवाळखोरीला चौदा वर्षे; ही दुसरी मुदत १९७८ च्या सुधारणेने दहा वर्षांवर आणली. इतिहासाच्या अभ्यासकाला हे कलम विलक्षण वाटावे असे आहे. एखादी घटना सत्य असूनही अमुक दिवसानंतर सांगता येणार नाही, असे शासनाने ठरवले.

तथापि या कायद्याची मर्यादा त्याच्या रचनेतच होती. तो वाईट नोंद पुसतो, पण चांगली नोंद लिहीत नाही. दहा वर्षांनी हाती येतो तो कोरा कागद, आणि कोऱ्या कागदावर कोणी कर्ज देत नाही.

या कोरेपणाचा अनुभव दिवाळखोरांच्याही आधी अमेरिकेतील स्त्रियांनी घेतला होता. विवाहित स्त्रीची खाती पतीच्या नावाने चालत. ती कमावती असली तरी तिची वेळेवर केलेली परतफेड पतीच्या नोंदीत जमा होई. घटस्फोट किंवा वैधव्य आले की वीस वर्षे चोख व्यवहार केलेली स्त्री पतकचेरीच्या लेखी कालच जन्मलेली ठरे. १९७२ मध्ये ग्राहकवित्तविषयक राष्ट्रीय आयोगासमोर या तक्रारी मांडल्या गेल्या. १९७४ च्या ‘इक्वल क्रेडिट ऑपॉर्च्युनिटी ॲक्ट’ने लिंग व वैवाहिक स्थिती यांवरून भेद करण्यास मनाई केली, १९७६ मध्ये वंश, धर्म, वय इत्यादींचा समावेश झाला. जून १९७७ पासून संयुक्त खात्यांची नोंद पती-पत्नी दोघांच्याही नावे होऊ लागली. अनेक स्त्रियांच्या बाबतीत स्वतःच्या नावाचे पहिले कार्ड हा आयुष्यातील टप्पा ठरला तो या पार्श्वभूमीवर. कार्ड हे पतपुनर्स्थापनेचे चिन्ह बनण्याची सुरुवात मी येथे मानतो.

फ्रेस्नो ते गुणांक

कार्डांचा स्वतःचा इतिहास सर्वपरिचित असल्याने तो थोडक्यात नोंदवतो. १९५० मध्ये ‘डायनर्स क्लब’ निघाला. सप्टेंबर १९५८ मध्ये ‘बँक ऑफ अमेरिका’ने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे साठ हजार लोकांना, त्यांनी मागणी केलेली नसताना, टपालाने कार्डे पाठवली. थकबाकी चार टक्क्यांच्या आसपास राहील असा अंदाज होता. ती सुमारे बावीस टक्क्यांवर गेली. न मागता कार्ड पाठवण्यास १९७० मध्ये बंदी आली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्क्वेट बँक खटल्यात असा निर्णय दिला की, बँकेने आपल्या मूळ राज्यातील व्याजदर परराज्यातील ग्राहकाला लावण्यास हरकत नाही. व्याजावर मर्यादा नसलेल्या राज्यांत बँकांनी आपली कार्डखाती हलवली. ज्यांना कर्ज देणे पूर्वी धोक्याचे होते त्यांना चढ्या व्याजाने ते देणे आता फायद्याचे झाले.

दुसरा बदल गणिताचा होता. अभियंता बिल फेअर आणि गणितज्ञ अर्ल आयझॅक यांनी १९५६ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने १९८९ मध्ये सर्व सावकारांना वापरता येईल असा पतगुणांक बाजारात आणला. तो ३०० ते ८५० या पट्ट्यात असतो. त्यात परतफेडीच्या इतिहासाला सुमारे ३५ टक्के, थकीत रकमेच्या प्रमाणाला ३० टक्के आणि खात्यांच्या वयाला १५ टक्के वजन आहे. उत्पन्नाला स्थान नाही. टॅपनच्या बातमीदाराने विचारलेले दारूचे आणि सासुरवाडीचे प्रश्न येथे नाहीत; त्या दृष्टीने हा गुणांक अधिक न्याय्य आहे, हे त्याच्या टीकाकारांनीही मान्य करावयास हवे. परंतु त्याला फक्त कर्जाचीच भाषा कळते. रोखीने जगणारा, कोणाचे देणे न ठेवणारा माणूस त्याच्यापुढे मुका ठरतो. गुणांक निघण्यासाठी किमान सहा महिने जुने एक तरी खाते नोंदीत असावे लागते.

अनामतीचे कार्ड

या दोन गोष्टींच्या सांध्यावर अनामत ठेवीवरचे कार्ड उभे आहे. १९८० च्या दशकापासून त्याचा प्रसार झाला. त्याची रीत अशी : ग्राहक बँकेत बहुधा दोनशे ते पाचशे डॉलर ठेवतो, तेवढ्याच मर्यादेचे कार्ड त्याला मिळते. खर्चाचे मासिक बिल त्या ठेवीतून वळते होत नाही, ते स्वतंत्रपणे भरावे लागते. भरले नाही तर व्याज चढते, म्हणजे स्वतःच्याच पैशाच्या तारणावर माणूस व्याज देतो. शुद्ध हिशोबाने पाहता हा व्यवहार निरर्थक आहे. त्याचा उपयोग एकच : दरमहा पतकचेऱ्यांना एक चांगली नोंद जाते. ग्राहक कर्ज घेत नाही, तो साक्ष विकत घेतो.

म्हणूनच या प्रवासातील टप्पे इतके बारकाईने स्मरणात राहतात. मर्यादेच्या अल्प भागापलीकडे खर्च करायचा नाही, बिलाची तारीख चुकवायची नाही, अशी शिस्त वर्षभर पाळल्यावर बँक अनामत परत करते आणि तेच कार्ड बिनतारणी होते. तीनशे डॉलरचा तो धनादेश रकमेने क्षुल्लक असतो. पण ज्याने न्यायालयात आपली भांडी-कुंडी आणि जुनी मोटार यांची यादी शपथेवर दिली आहे, त्याच्यावर कोणीतरी तारणाशिवाय भरवसा ठेवला, याचा तो लेखी पुरावा असतो. या भावनेची थट्टा करणे सोपे आहे. मला ते योग्य वाटत नाही.

मात्र या भरवशामागील बाजारही पाहावयास हवा. दिवाळखोरीचे अर्ज २००५ मध्ये वीस लाखांच्या वर गेले. त्याच वर्षीच्या कडक सुधारणेपूर्वी अर्ज करण्याची घाई हे त्याचे मुख्य कारण होते. त्या सुधारणेने संपूर्ण ऋणमुक्ती मिळालेल्या व्यक्तीला तशीच मुक्ती पुन्हा मिळण्यासाठीचे अंतर सहा वर्षांवरून आठ वर्षे केले. कॅथरीन पोर्टर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिवाळखोरीनंतर वर्षभराच्या आतच बहुतेक सर्व कुटुंबांना नव्या कर्जाचे प्रस्ताव आल्याचे दिसून आले. यामागील तर्क कठोर आहे. या ग्राहकावर जुने कर्ज नाही, त्याला पतीची निकड आहे, आणि तो एवढ्यात पुन्हा दिवाळे काढू शकत नाही. काही कार्डांवर तर शुल्कच इतके असे की पहिल्या खरेदीपूर्वीच मर्यादेचा मोठा भाग संपे. २००९ च्या ‘कार्ड ॲक्ट’ने पहिल्या वर्षातील शुल्क मर्यादेच्या २५ टक्क्यांपुरते सीमित केले. पत दुरुस्त करून देतो असे सांगून आगाऊ पैसे घेणाऱ्यांना १९९६ च्याच कायद्याने आळा घालावा लागला होता. विसरण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्याला, आठवण विकणाऱ्यांवर लक्ष ठेवण्यासाठी पुन्हा पुन्हा कायदे करावे लागले.

भारतात ‘सिबिल’ची स्थापना २००० मध्ये झाली आणि पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ मध्ये संमत झाला. मुदत ठेवीवर क्रेडिट कार्ड देण्याची पद्धत आपल्या बँकांतही रुळली आहे, आणि स्टाफरूममध्ये गृहकर्जाचा विषय निघाला की तीन आकडी गुणांक सहजपणे उच्चारला जातो. रजिस्टरमध्ये नाव कसे चढते याची चौकशी आपण करतो. ते किती वर्षांनी उतरते, हे विचारणारा प्राध्यापक मला अद्याप भेटलेला नाही.

मामेभाऊ आता घराचा मालक आहे आणि त्याच्याकडे चार कार्डे आहेत. पाचशे डॉलरचे ते पहिले कार्ड त्याने बंद केलेले नाही. बंद केले तर एकूण मर्यादा लगेच घटते, आणि ते सर्वांत जुने खाते काही वर्षांनी अहवालातूनही जाते. ते त्याच्या टेबलाच्या खणात असते. बँकेने ते निष्क्रिय ठरवू नये म्हणून तो दर तीन-चार महिन्यांनी ते बाहेर काढतो, पेट्रोल भरतो, बिल चुकते करतो आणि पुन्हा खणात ठेवतो.