‘बेतणे’ आणि तापीचे पाणी

टिपणे गुजरातीत लिहायची आणि मनातल्या मनात ती मराठीत तोलून पाहायची, असा शासकीय सेवेतील आम्हा सुरतेच्या मराठी मंडळींचा शिरस्ता. नियोजनाच्या कागदात ‘ऑप्टिमाइझ’ हे इंग्रजी क्रियापद आले की दोन्ही भाषांत लेखणी अडे. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘सर्वोत्तम’. परिभाषाकारांनी ‘इष्टतम’ आणि ‘इष्टतमीकरण’ हे शब्द घडविले. ते निर्दोष आहेत, पण कोणाच्या जिभेवर रुळले नाहीत. वस्तुतः मराठीजवळ ‘बेतणे’ हे क्रियापद होतेच.

शिंपी माप घेतो, कापड पसरतो आणि कातरी लावण्यापूर्वी खडूने आखून अंगरखा बेततो. कापड मोजके, अंग ठरलेले. चिंध्या कमीत कमी निघाव्यात एवढेच त्याच्या हाती. गुजराती ‘वेतरवुं’ही कापडाच्या याच कामाचे, त्यामुळे या कापडनगरीत तो अर्थ कोणाला समजावून द्यावा लागत नाही. परंतु मराठी शब्द पुढे गेला. ‘बेताची परिस्थिती’, ‘बेताने घे’ यांत सर्वोत्तमाचा हव्यास नाही, पुरेसेपणाची जाण आहे. आणि हेच क्रियापद ‘जिवावर बेतते’!

उकाई धरणाच्या बाबतीत आम्हांस हे सारे अर्थ एकत्र दिसतात. १९६८ चा महापूर सुरतेने भोगला. १९७२ मध्ये धरण पुरे झाले. त्याच्याकडून अपेक्षा तीन : सिंचन, वीज आणि पुरापासून रक्षण. पहिल्या दोहोंना जलाशय भरलेला हवा, तिसऱ्यास रिकामा. म्हणून पावसाळ्यात कोणत्या तारखेला पाणी किती उंचीवर ठेवायचे, हे आधी बेतावे लागते. अभियंते तिला ‘रूल लेव्हल’ म्हणतात. पाणलोटाचा मोठा भाग महाराष्ट्रात व मध्य प्रदेशात; पाऊस पडणार तिकडे, हिशेब होणार इकडे. ऑगस्ट २००६ मध्ये वरच्या अंगाला अतिवृष्टी झाली, विसर्ग सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत वाढवावा लागला आणि शहराचा बहुतांश भाग जलमय झाला. शहरातील पात्राची वहनक्षमता गाळाने व अतिक्रमणांनी आधीच घटली होती. दोष कोणाचा, हा वाद तज्ज्ञांत पुष्कळ रंगला. त्यात आम्ही शिरत नाही.

शब्दापुरते मात्र सांगितले पाहिजे. कुशल शिंपी बेतताना शिवणीत थोडे कापड जास्त सोडतो. त्याला मराठीत ‘माया’ म्हणतात. केवळ चिंध्यांचा हिशेब करणाऱ्याला ती उधळपट्टी वाटेल. पण अंग भरले की उसवून वाढवायला तीच उपयोगी पडते. ‘इष्टतमीकरणा’त ही माया अध्याहृत नाही, ‘बेतण्या’त आहे. जलाशयातील माया म्हणजे पुरासाठी मोकळी राखलेली जागा. आणि वरच्या पावसाचा अंदाज जितका आधी व जितका खात्रीने हाती येईल, तितकीच ती कमी करता येते.